प्रभातच्या फाटकाशी : शांता आपटे यांचे उपोषण आणि पुस्तक

जुलै १९३९ मध्ये पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी एक तरुणी उपोषणाला बसली. ती त्याच कंपनीची नावाजलेली नायिका होती. ‘कुंकू’मुळे देशभर ओळखला जाणारा तिचा चेहरा प्रभातच्या जाहिरातींत झळकत असे. करार आणि पगार यांवरून कंपनीशी वाद झाला, तो आत मिटेना, तेव्हा शांता आपटे बाहेर येऊन बसल्या. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

या दोन घटना चित्रपटाच्या इतिहासात बहुधा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. उपोषण हा एका मानी नटीचा तापटपणा ठरतो आणि पुस्तक जुन्या ग्रंथांच्या यादीतली एक नोंद. माझे म्हणणे असे की दोन्ही मिळून एकच मागणी आहे: अभिनय हे काम आहे, आणि जे काम आहे त्याला दाम, करार आणि विश्रांती यांचे नियम लागू झाले पाहिजेत. उरलेली साधने एकमेकांशी ताडून पाहिली की ही मागणी स्पष्ट दिसते.

साधने तशी थोडी आहेत. पहिले साधन म्हणजे खुद्द चित्रपट. ते आपल्यापर्यंत पोचले हेही भाग्यच, कारण जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठारांना आग लागली आणि प्रभातच्या कित्येक चित्रपटांच्या मूळ नायट्रेट प्रती जळाल्या. नंतर काढलेल्या प्रती होत्या म्हणून ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘गोपालकृष्ण’ आज पाहता येतात. दुसरे साधन म्हणजे त्या वेळची नियतकालिके, विशेषतः बाबूराव पटेल यांचे १९३५ मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘फिल्मइंडिया’. हे मासिक वाचताना ते चित्रपट कंपन्यांच्या जाहिरातींवर चालत होते, हे ध्यानात ठेवावे लागते. तिसरे साधन आठवणींचे. व्ही. शांताराम यांचे ‘शांतारामा’ आणि बापू वाटवे यांचे ‘एक होती प्रभातनगरी’ ही पुस्तके घटनांनंतर काही दशकांनी लिहिली गेली, आणि तीही कंपनी ज्यांनी उभारली किंवा जिवापाड जपली त्यांच्याकडून. चौथे साधन शांताबाईंचे स्वतःचे पुस्तक. वादातल्या नोकरी करणाऱ्या बाजूने, घटनेच्या पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेले असे हे एकच, म्हणून त्याचे वजन सर्वांत जास्त.

सुरुवात जन्मसालापासून करावी लागते, कारण तिथेच मतभेद आहे. काही ठिकाणी १९१६ साल दिलेले आढळते, काही ठिकाणी १९२३. निवाडा चित्रपटच करतात. १९२३ खरे मानले तर १९३४ च्या ‘अमृतमंथन’मधली सुमित्रा अकरा वर्षांची आणि १९३७ च्या ‘कुंकू’तली नीरा चौदा वर्षांची ठरते. पडद्यावर दिसते ती मुलगी तेवढी लहान नाही. आवाजाची कमाई, उभे राहण्यातला ठामपणा, म्हाताऱ्या नवऱ्यासमोर बोलतानाची नजर, हे सगळे विशीतल्या बाईचे आहे. म्हणून मी १९१६ धरतो. त्या हिशेबाने प्रभातच्या फाटकाशी बसल्या तेव्हा शांताबाई बावीस वर्षांच्या होत्या.

जन्म दुधनीचा, अक्कलकोटजवळचा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. गाण्याचे शिक्षण पंढरपुरात झाले, आणि पुढच्या काळात कामाची सूत्रे थोरले बंधू बाबूराव आपटे यांच्याकडे राहिली. चित्रपटात पहिले पाऊल १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये पडले. शाहू मोडक कृष्ण होते आणि शांता आपटे राधा. बोलपट येऊन जेमतेम वर्ष झाले होते, त्यामुळे गाता येणाऱ्या मुलींची निकड सगळ्याच कंपन्यांना होती. ‘श्यामसुंदर’ मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला आणि शांता आपटे हे नाव प्रभातच्या मालकांपर्यंत पोचले.

प्रभातची स्थापना १ जून १९२९ ची, कोल्हापुरातली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली आणि आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या जागेत तिने स्टुडिओ उभारला. चित्रीकरणापासून रसायनशाळेपर्यंत सगळे एकाच आवारात होते. कलावंत आणि तंत्रज्ञ महिन्याच्या पगारावर असत. कंपनीच्या शिस्तीचा लौकिक मोठा होता, आणि मराठी माणसाला या कंपनीचा वाटणारा अभिमानही खरा होता. ‘संत तुकाराम’ जिथे घडला त्या जागेविषयी हलकेपणाने बोलावे असे काही नाही.

पण शिस्तीची दुसरी बाजू नोकरीच्या अटींत होती. महिन्याच्या पगारावरचा कलावंत कंपनीशी बांधलेला असे. चित्रीकरण असो वा नसो, कोणते काम मिळेल, किती मिळेल, मधल्या रिकाम्या महिन्यांत काय होईल, हे मालक ठरवत. त्यातच प्रभातचे कित्येक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत. आवाज भरून भाषा बदलण्याची सोय नसल्याने तोच प्रसंग, तेच रडणे, तेच गाणे पुन्हा दुसऱ्या भाषेत उभे करावे लागे. १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ झाला तेव्हा आपल्याकडे पार्श्वगायनही सुरू झाले नव्हते. कॅमेऱ्यापुढे अभिनय करता करता ध्वनिग्राहकाला ऐकू जाईल असे गायचे, चूक झाली की सगळे पहिल्यापासून. ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘गोपालकृष्ण’ हे तिन्ही दोन भाषांतले चित्रपट. पडद्यावर तीन भूमिका दिसत असल्या तरी शरीराने सहा चित्रपटांचे काम केलेले असते. शांताबाईंचा पुढचा सगळा युक्तिवाद समजायचा तर हा साधा गुणाकार मनात ठेवला पाहिजे.

‘कुंकू’ १९३७ चा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. आईबापांविना वाढलेली नीरा मामाच्या घरी असते. पैशाच्या लोभाने तिचे लग्न एका वयस्क विधुर वकिलाशी लावून दिले जाते. केशवराव दाते यांनी उभे केलेले हे काकासाहेब दुष्ट नाहीत, म्हणूनच तो चित्रपट मोठा झाला. नीरा मारझोड सोसत बसत नाही आणि पळूनही जात नाही. फसवून केलेला व्यवहार मी मानत नाही, एवढेच ती त्याच घरात राहून रोज सांगते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज, फोनोग्राफ यांतूनच सगळे भरले आहे. त्या शांततेत नीरेचा नकार फार मोठ्याने ऐकू येतो. संगीत केशवराव भोळे यांचे, आणि शांताबाईंनी त्यात एक इंग्रजी कवितासुद्धा गायली. अंगावर हात टाकू पाहणाऱ्या सावत्र मुलाला नीरा छडीने फोडून काढते, तो प्रसंग प्रेक्षकांच्या कायमचा लक्षात राहिला.

या यशानंतर १९३८ मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये शांताबाई राधा झाल्या. प्रभातमधला त्यांचा हा शेवटचा चित्रपट. १९३९ मध्ये कंपनीने ‘माणूस’ काढला, त्यात नायिका शांता हुबळीकर होत्या. म्हणजे जुलै १९३९ चा वाद पेटला तेव्हा देशातली एक अतिशय लोकप्रिय अभिनेत्री करारात अडकलेली होती आणि तिच्या नावावर प्रभातचा नवा चित्रपट नव्हता. करार कलावंताला बाहेर काम करू देत नाही आणि आत काम देण्याचे बंधन मात्र घालत नाही, अशा परिस्थितीत पगाराचा प्रत्येक कापलेला दिवस किती टोचत असेल, हे वेगळे सांगायला नको.

मग तिने न्यायालयात का जाऊ नये? त्या वेळचा कायदा पाहिला की उत्तराचा काही भाग सापडतो. १९३६ मध्ये वेतन अदायगीचा कायदा झाला. पगार कधी द्यायचा, त्यातून काय कापता येईल, याचे नियम त्याने घातले. पण तो कारखाने आणि रेल्वे यांतल्या, महिना दोनशे रुपयांहून कमी वेतन असणाऱ्या कामगारांसाठी होता. १९३८ मध्ये मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत मोठा एकदिवसीय संप झाला. कामगार, मालक आणि सरकार यांच्यात कोणाचे काय देणे लागते, याची चर्चा त्या वर्षभर वर्तमानपत्रांत चालू होती. या चर्चेत नटीला जागा नव्हती. ती कामगार मानली जात नव्हती आणि मालक तर नव्हतीच. लोकांच्या लेखी ती नशीबवान होती, आणि नशीबवानाच्या तक्रारीला कुठलेच कलम नसते.

उपोषणाचे हत्यार तर पुणेकरांच्या डोळ्यांपुढचेच होते. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींचे उपोषण येरवड्याच्या तुरुंगात झाले होते. मार्च १९३९ मध्ये, शांताबाईंच्या उपोषणाच्या चारच महिने आधी, त्यांनी राजकोटला पुन्हा उपवास केला. जतींद्रनाथ दास १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानंतर गेले, ती आठवण ताजी होती. उपोषण कोणी करायचे याची एक अलिखित चौकट त्यातून तयार झाली होती: ते राष्ट्रासाठी, समाजासाठी, तुरुंगातल्या सहकाऱ्यांसाठी करायचे. बावीस वर्षांच्या अभिनेत्रीने ते हत्यार स्वतःच्या पगारासाठी उचलले, आणि तेही स्टुडिओच्या आत नव्हे तर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असे फाटकाशी. टीकाकारांना इथेच खटकले. माझ्या मते तिचे धैर्यही इथेच आहे. स्वतःच्या कामाचा मोबदला ही खाजगी बाब नाही, ती चारचौघांत मांडायची बाब आहे, असे तिने कृतीने सांगितले.

घडले काय, तर थोडक्यात एवढे ठामपणे सांगता येते: वाद करार आणि पगाराचा होता, उपोषण फाटकाशी झाले, त्याची बातमी सर्वत्र गेली, आणि त्यानंतर शांता आपटे यांचा प्रभातशी संबंध संपला. भोवती किस्से पुष्कळ उगवले. सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा किस्सा असा, की ‘फिल्मइंडिया’त वाईट लिहिले म्हणून शांताबाई छडी घेऊन बाबूराव पटेलांच्या कचेरीत गेल्या. तो रंगवून सांगणारे अनेक आहेत. पण छडी आधी कुठे दिसली होती ते आठवून पाहावे. ती नीरेच्या हातात होती, पडद्यावर, १९३७ मध्ये. भूमिकेचा प्रसंग आणि बाईचे आयुष्य प्रेक्षकांच्या मनात एकमेकांत मिसळले असण्याची शक्यता फार मोठी आहे. किस्सा खरा असो वा नसो, त्यावर या लेखातला एकही निष्कर्ष मी उभा केलेला नाही. अशा किश्शांनी एक नुकसान नक्की केले. शांताबाई लोकांना ‘तापट’ म्हणून आठवू लागल्या आणि त्या कशाबद्दल भांडत होत्या ते मागे पडले. बाईचा मुद्दा गाडून टाकायचा तर तिच्या स्वभावाची गोष्ट सांगत राहावे, हा प्रकार चित्रपटसृष्टीपुरता मर्यादित नाही.

मुद्दा काय होता, ते पुस्तक सांगते. ‘जाऊ मी सिनेमांत?’ हा प्रश्न त्या काळी घरोघरच्या मुली आणि मुलगे विचारत होते. कलावंतांना तशी पत्रे येत. वाचकाला अपेक्षा असणार ती आठवणींची, चित्रीकरणातल्या गमतीजमतींची, यशाच्या कानमंत्राची. शांताबाईंनी ते काहीच दिले नाही. चित्रपट हा धंदा कसा चालतो, त्यात पैसा कुणाचा आणि घाम कुणाचा, माणूस यंत्रासारखा वापरला गेला की त्याचे काय होते, कलावंत थकतो म्हणजे नेमके काय होते, याचा त्यांनी विचार मांडला. थकवा हा त्यांच्या विवेचनातला फार महत्त्वाचा धागा आहे. कलेचे सगळे बोलणे तेव्हा प्रतिभा, साधना, त्याग या शब्दांत चाले. त्या भाषेत शरीराला जागा नसते. शांताबाईंनी शरीर मध्यभागी आणले: दिव्यांच्या उष्णतेत उभे राहणारे, तोच प्रसंग दोनदा करणारे, आजारी पडणारे. कलावंताला त्यांनी श्रम विकणाऱ्यांच्या रांगेत उभे केले आणि त्यामुळे आपली प्रतिष्ठा कमी होते असे मानले नाही.

आपल्या अभिनेत्रींच्या आत्मकथनांचा क्रम लावला की या पुस्तकाचे वेगळेपण अधिक कळते. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० चे. लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’ आणि दुर्गाबाई खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ ही १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. शांता हुबळीकरांचे त्याहून पुढचे. ही सगळी मौल्यवान पुस्तके आयुष्याच्या उतरणीला लिहिली गेली, जेव्हा मालक गेले होते आणि कंपन्या बंद पडल्या होत्या. शांताबाईंनी तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी लिहिले, जेव्हा पुढची सगळी कामे त्याच निर्मात्यांकडून मिळवायची होती. इतरांनी आयुष्य सांगितले, यांनी आपल्या व्यवसायाची चिकित्सा केली.

त्याची किंमत मोजावी लागली का? पुढची कारकीर्द तरी संपली नाही. तमिळ ‘सावित्री’ १९४१ मध्ये आला. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. सावित्री शांता आपटे आणि नारद एम. एस. सुब्बुलक्ष्मी, अशी दोन गायिकांची जोडी त्यात होती. देवकी बोस यांचा ‘अपना घर’ १९४२ मध्ये, मास्टर विनायकांचा ‘सुभद्रा’ १९४६ मध्ये. ‘सुभद्रा’त तरुण लता मंगेशकर त्यांच्याबरोबर गायल्या. १९४९ मध्ये ‘स्वयंसिद्धा’ आणि ‘मैं अबला नहीं हूँ’ आले. स्टुडिओच्या बांधिलकीतून सुटून वेगवेगळ्या कंपन्यांशी चित्रपटागणिक करार करण्याची वाट त्यांनी धरली. पुढे सगळ्या धंद्याची तीच रीत झाली. पण ‘कुंकू’च्या तोडीची भूमिका पुन्हा मिळाली नाही, हेही खरे. २४ फेब्रुवारी १९६४ ला मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि प्रभातचा वारसा जपण्याचे काम सरकारी पातळीवर हाती घेतले गेले. चित्रपटांच्या रिळांसाठी कोठार बांधले गेले. ते चित्रपट करणाऱ्या माणसांच्या अटी, पगार, रजा यांच्या नोंदींसाठी तसे काही झाले नाही.

शांताबाईंच्या प्रश्नाला अभ्यासकांचे लक्ष मिळाले ते बऱ्याच उशिरा. नीपा मजुमदार यांनी गावगप्पा, श्रम आणि तारकापद यांच्या संदर्भात, आणि देबश्री मुखर्जी यांनी २०२० च्या ‘बॉम्बे हसल’ या इंग्रजी ग्रंथात, उपोषण आणि पुस्तक एकत्र वाचून दाखवले. मराठीत लिहिलेल्या पुस्तकाचे मोल मराठीत मात्र अजून पुरते ठरलेले नाही.

कायद्यालाही वेळ लागला. चित्रपट कामगारांशी लेखी करार झालाच पाहिजे, असे सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा १९८१ मध्ये झाला, प्रभातच्या फाटकाशी झालेल्या उपोषणानंतर बेचाळीस वर्षांनी, आणि तोही ठरावीक वेतनमर्यादेच्या आतल्यांसाठी. आज ठाण्यात घोडबंदर-कोलशेतच्या पट्ट्यात मालिकांचे सेट लागतात. गावाकडून आलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी तिथे बारा तासांची पाळी करते, आणि केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी हातात पडण्याची रीत या धंद्यात रुळलेली आहे. रोजच्या भागासाठी तीच घाई, कामाविना जाणाऱ्या आठवड्यांची तीच धास्ती, आणि तोंड उघडले तर ‘नखरेल’ हे विशेषण ठरलेले.

या मुलीच्या हाती द्यावे असे पुस्तक मराठीत १९४० पासून आहे. तिच्या वयाच्या, तिच्याच धंद्यातल्या एका बाईने ते लिहिले आहे, आणि पगार मागण्यात लाज कसली, हे आधी उपाशी बसून सांगितले आहे. म्हणून ‘जाऊ मी सिनेमांत?’ची चिकित्सक आवृत्ती निघावी, नाट्य आणि चित्रपटाच्या अभ्यासक्रमांत ते लागावे, कलावंतांच्या संघटनांनी ते आपल्या सभासदांना वाचायला द्यावे, असे मला मनापासून वाटते. मराठी श्रमिकांच्या लेखनाचा इतिहास लिहिताना शांता आपटे यांचे नाव त्यात आलेच पाहिजे. नीरा उत्तम वठवणारी नटी म्हणून त्यांना जागा मिळाली आहे. आपल्या श्रमाचा हिशेब मागणारी आणि तो लिहून ठेवणारी लेखिका म्हणून ती मिळायची राहिली आहे.